आडोशातले निष्पाप

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मागच्या हिवाळ्यात एक छायाचित्र पाठवले. पानगळ झालेले रान, त्यात पानाफांद्यांच्या नक्षीचा एक बुटका तंबू, तंबूसमोर आडवे पडलेले हरीण आणि त्याच्या पाठीशी गुडघा टेकून, हाती धनुष्य धरून बसलेला आमचा विद्यार्थी. खाली त्याने लिहिले होते, की तीन हंगाम नुसता बसून राहिलो, यंदा पहिला बाण सोडला. हे छायाचित्र अध्यापक-कक्षात फिरले आणि जे व्हायचे ते झाले. ‘ज्ञानेश्वरीवर निबंध लिहिलेला मुलगा हा!’ असे एकजण हळहळले. ‘मारायचेच तर समोर उभे राहून मारावे, तंबूत लपून कसले मारतो?’ असे दुसऱ्याने विचारले. सर्वांत अधिक संतापले ते आमचे एक निसर्गप्रेमी सहकारी. याच सहकाऱ्यांकडे अगदी तसलाच, त्याच नक्षीचा, झटक्यात उघडणारा तंबू आहे. तो घेऊन ते दर उन्हाळ्यात आगरदांड्याच्या मागच्या डोंगरात पाणवठ्यावर जाऊन बसतात. त्यांच्या तंबूतून बाण निघत नाही, कॅमेऱ्याचे भिंग निघते, एवढाच फरक. हा फरक लहान आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या एका फरकाच्या आड किती गोष्टी लपवल्या जातात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आरंभीच एक शंका दूर करून टाकू. आम्हांला शिकारीचा पुरस्कार करायचा नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाच्या शिकारीला आळा घातला आणि 1991च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली, हे योग्यच झाले. विस्कॉन्सिनची गोष्ट निराळी आहे. तिथले लांडगे आणि पहाडी सिंह माणसाने मागेच हटवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आता इतकी वाढली आहेत, की त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हा तिथल्या सरकारी खात्याचा वार्षिक उद्योग होऊन बसला आहे. शिकाऱ्याने परवाना काढायचा, त्याचे पैसे भरायचे, ठरलेल्या दिवसांतच बसायचे, मारलेल्या जनावराची नोंद करायची. 1937च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर बसवलेला कर वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना वाटला जातो. पुढे धनुष्यबाणही त्या करात आले. ही सगळी व्यवस्था आदर्श आहे असे नव्हे. पण तीत लपणाऱ्या माणसाला एक हिशेब द्यावा लागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता त्या तंबूकडे वळू, कारण त्याच्याकडे नीट पाहिले तर पुष्कळ कळते. काचतंतूच्या लवचीक काड्या आणि प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी एक बिजागरीवजा चकती. ती बाहेर ओढली की भिंत ताठ उभी राहते, मिनिटभरात घर तयार. बाहेरून रानाची नक्षी, आतून मात्र ठार काळा. आत बसणारा माणूसही काळे कपडे घालतो, कारण त्याला आता रानाशी नव्हे, अंधाराशी एकरूप व्हायचे असते. पाठीमागच्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर मागच्या उजेडावर आकृती उमटते. खालचा पाचोळा हाताने साफ करायचा, नाहीतर पाय हलला की चाहूल लागते. तंबू हंगामाच्या बऱ्याच आधी उभा करून ठेवायचा आणि भोवतीच्या फांद्या तोडून त्याला बांधायच्या, म्हणजे हरणाची नजर त्याला सरावते. वारा कुठून येतो ते पाहूनच जागा निवडायची. एवढे सगळे करून बाण सोडायचा तो जेमतेम वीस-पंचवीस पावलांवरून. त्याहून लांब सोडला तर जनावर जखमी होऊन पळते, आणि ती नामुष्की शिकाऱ्यांत मोठी समजली जाते.

यात एक गंमतीचा नियम आहे. बंदुकीच्या हंगामात विस्कॉन्सिनमध्ये अशा तंबूवर भडक नारिंगी कापड लावावे लागते, दुसऱ्या शिकाऱ्याला तो दिसावा म्हणून. हरणाला नारिंगी रंग वेगळा ओळखता येत नाही. त्याच्या डोळ्याला निळा अधिक टोचतो. म्हणजे हा आडोसा हरणापासून लपतो, माणसांपासून मात्र त्याने लपू नये अशी कायद्याची अट आहे. आमच्याकडील तंबूंचे नेमके उलट चालते. हरणाला ते बहुधा कळतात, माणसांना मात्र कळू दिले जात नाहीत.

शब्दांचा विचार करणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा असल्याने थोडे त्याविषयी. अमेरिकन माणूस या तंबूला ‘ब्लाइंड’ म्हणतो, इंग्रज ‘हाइड’ म्हणतो. एकात समोरच्याला आंधळे करणे आहे, दुसऱ्यात स्वतःला दडवणे आहे. मराठीत या वस्तूला रूढ नाव नाही, पण कृतीला आहे: दबा धरणे. आणि मराठीत दबा कोण धरते? बिबट्या धरतो, मांजर धरते, दरोडेखोर धरतो. ‘टपून बसणे’, ‘डोळा ठेवणे’ हे जवळचे वाक्प्रचारही काही कौतुकाचे नाहीत. आपल्या भाषेने लपून पाहणाऱ्याला कधीच निर्दोष मानलेले नाही. त्याच्या हातात काय आहे याची चौकशी तिने नंतर केली. निसर्गप्रेमी मंडळींनी मराठी शब्द टाळून ‘हाइड’च का उचलला असावा, याचा उलगडा आम्हांला इथे होतो.

भाषेचे जे, तेच कथांचे. महाशिवरात्रीला ज्या घरात शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाचला जातो, त्या घरातील लहान मुलालाही हा तंबू ठाऊक असला पाहिजे. श्रीधराने 1718 मध्ये रचलेल्या या ग्रंथातला व्याध दुसरे काय करतो? पाणवठ्याच्या काठी झाडावर चढून बसतो. हरिणी पाण्यावर येणार हे त्याला माहीत आहे. नजरेच्या आड येणारी पाने तो खुडून खाली टाकतो. आजचा शिकारी ज्याला बाणाची वाट मोकळी करणे म्हणतो आणि आजचा छायाचित्रकार ज्याला चौकट साफ करणे म्हणतो, तेच हे काम. पाने बेलाची होती आणि खाली शिवलिंग होते म्हणून त्याचे पुण्य झाले, हा भाग भाविकांसाठी. आमच्या दृष्टीने कथेचा प्राण पुढे आहे. हरिणी त्याला पाहते आणि बोलते. मुले पाजून येते, निरोप घेऊन येते, तोवर थांब म्हणते. जो लपला होता त्याला उत्तर द्यावे लागते.

ही एकच कथा असती तर आम्ही तिच्यावर इतका भार टाकला नसता. पण आपल्या परंपरेत जिथे जिथे कोणी आडून बाण सोडला, तिथे तिथे हेच घडले आहे. दशरथ रात्रीच्या काळोखात शरयूच्या काठी पाण्यावर येणाऱ्या जनावराची वाट पाहत होता; घडा भरल्याच्या आवाजावर त्याने बाण सोडला आणि श्रावणाने त्याला विचारले, मी तुझे काय केले होते? पांडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला संगमाच्या क्षणी मारले. मृगांची शिकार हा राजांचा आचारच आहे असे त्याने सांगून पाहिले, पण ते चालले नाही, शाप मिळाला. झाडाआडून मारलेल्या वालीने रामालाही प्रश्न केला. रामाने दिलेल्या उत्तरांपैकी एक तर थेट शिकाऱ्याचेच आहे: माणसे जाळी लावून, फासे टाकून, उघड आणि लपूनही मृगांना धरतातच. ज्या ग्रंथाने ते उत्तर नोंदवले त्याच ग्रंथाने वालीचा प्रश्नही तितक्याच ताकदीने नोंदवला, आणि हजारो वर्षे वाचकांचे त्या उत्तराने पुरते समाधान झालेले नाही. लपणे आपल्या पूर्वजांना वर्ज्य नव्हते. लपणाऱ्याने प्रश्नाशिवाय घरी जाणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

आता आगरदांड्याला येऊ. शनिवारी सकाळी दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी धक्क्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. बहुतेकांना समुद्र हवा असतो, जंजिरा हवा असतो, मासळीचे ताट हवे असते. अलीकडे काही गाड्यांच्या मागच्या काचेतून तिपाया आणि गोल गुंडाळलेले हिरवट कापड दिसू लागले आहे. फणसाड अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, म्हणून ही मंडळी हद्दीबाहेरचे खासगी रान गाठतात. भेकर आणि रानडुक्कर यांना हद्द वाचता येत नाही. पाणी असेल तिथे ती येतात.

कोकणातले पाणी हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यांत जांभ्याच्या सड्यावर घोटभर पाणी नाही, हा आमच्या किनाऱ्याचा नित्याचा विरोधाभास. जांभा पाणी धरून ठेवत नाही. फणसाडात ज्यांना गाण म्हणतात तशी बारमाही पाण्याची ठिकाणे थोडी, आणि हद्दीबाहेर तर बोटांवर मोजण्याइतकी. डबके लहान, उतरायची वाट बहुधा एकच, आणि तंबू नेमका त्या वाटेसमोर, कारण प्रकाश तिथे चांगला. भेकर हे भित्रे जनावर. ते झाडीच्या कडेला थांबते, नाक वर करते, पाय आपटते, कुत्र्यासारखे भुंकते आणि परत फिरते. त्या दिवशी ते पाणी प्यायले की नाही याची नोंद कोणत्याही छायाचित्राखाली नसते. ज्याचे छायाचित्र निघाले ते भेकर धीट. जी परत फिरली त्यांची प्रदर्शने भरत नाहीत.

इथे आमचे सहकारी म्हणतील, आणि त्यांनी म्हटलेही, की तहानलेले भेकर तासाभराने पुन्हा येते, मेलेले येत नाही. हे उत्तर खरे आहे. जिवंत आणि मृत यांतल्या अंतराएवढे मोठे अंतर जगात नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. बाणाला शेवट असतो. आमच्या विद्यार्थ्याने तीन हंगामांत एक बाण सोडला आणि त्याचे त्या वर्षीचे बसणे संपले. भिंगाला शेवट नाही. पहिले छायाचित्र थोडे अस्पष्ट येते, दुसऱ्यात शिंगे पानाआड जातात, तिसऱ्यात पाण्यात प्रतिबिंब पडत नाही. मग पुढचा शनिवार, मग मित्राला घेऊन त्याच्या पुढचा. शिकाऱ्याला पंचवीस पावलांची, ठरल्या दिवसांची, एका जनावराची मर्यादा घातली गेली, कारण त्याच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. छायाचित्रकाराला मर्यादा नाही, कारण त्याच्यावर सर्वांचा विश्वास आहे. आणि सर्वांत अधिक त्याचा स्वतःचा.

या विश्वासाला एक जुना, अप्रिय इतिहास आहे. फणसाडचे रान जंजिरा संस्थानाच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1986 मध्ये तेथे अभयारण्य झाले. रान टिकले त्याचे काही श्रेय त्या राखीवपणाला द्यावे लागते, हे कबूल करताना आम्हांला आनंद होत नाही, पण नाकारताही येत नाही. आता त्याच डोंगरातला कातकरी पाहा. साहेबाच्या, संस्थानिकाच्या शिकारीत रान हाकायला असाच माणूस लागे. मचाणावर बसायला मात्र नव्हे. त्याच्या हाती फासा किंवा गलोल दिसली की तो गुन्हेगार. 2006च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि सापळ्याचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. वगळला ते बरोबर की चूक, हा वाद आम्ही इथे काढत नाही. आम्ही फक्त तीन आडोसे शेजारीशेजारी ठेवतो. नवाबाचे मचाण हा वारसा झाला. कातकऱ्याचा झुडपामागचा दबा हा गुन्हा झाला. मुंबईच्या माणसाचा हिरवा तंबू हे निसर्गप्रेम झाले. हरणाच्या बाजूने पाहिले तर पाणवठ्यावर तिन्ही वेळा कोणीतरी लपलेले आहे एवढेच आहे. कोणाच्या लपण्याला काय नाव मिळावे हे हरणाने ठरवलेले नाही.

आणि तंबूची जागा दाखवतो कोण? बहुतेक वेळा तोच कातकरी तरुण. पाणी कुठे आहे, भेकराची वाट कोणती, वारा संध्याकाळी कसा फिरतो, हे त्याच्या आजाच्या तोंडचे ज्ञान काही शे रुपयांत एका दिवसासाठी मिळते. छायाचित्राच्या कोपऱ्यात नाव असते ते भिंगाच्या मालकाचे.

आडोसा मुळातच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण देतो. 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सालीम अली सुगरणीची घरटी पाहत होते. शिडीच्या टोकाला कापडाचा आडोसा बांधून ते तासन् तास घरट्यांच्या पातळीवर बसत. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केले की ते पुरे करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरे घरटे विणू लागतो, ही गोष्ट त्या बसण्यातून जगाला समजली. त्यांनी काय पाहिले, कुठून पाहिले, किती दिवस पाहिले, हे सारे लिहून ठेवले आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. ज्याला वाटेल त्याने ते तपासावे. हा आडोसा होताच, पण तो झाकलेला नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’तही रान जितके दिसते तितकाच रानात बसलेला, कंटाळलेला, चुकणारा माणूस दिसतो, म्हणून ते पुस्तक आम्ही आजही वर्गात शिकवतो. पाहणाऱ्याला चित्रात घेणे हा साहित्याचा जुना शिरस्ता आहे. तंबूतली छायाचित्रकला त्याच्या नेमकी विरुद्ध जाते. तिची सगळी कारागिरी पाहणारा तिथे नव्हताच असा भास निर्माण करण्यात खर्च होते. ‘नैसर्गिक अधिवासातील भेकर’ असे खाली लिहायचे, आणि त्या अधिवासात आठ हातांवर एक काळी खोली, दोन माणसे, थर्मास आणि मोबाइल होता हे गाळायचे. आम्ही मराठीचे लोक याला खोटे निवेदन म्हणतो. कादंबरीत कोणी असे केले तर परीक्षणात झोडपून काढतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा वनखात्याचा जुना प्रघात होता. स्वयंचलित कॅमेरे आले तेव्हा त्या मोजणीला शास्त्रीय अर्थ उरला नाही, आणि खात्याने तो कार्यक्रम निसर्गानुभव म्हणून चालू ठेवला. नाव बदलण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडतो. मोजणी नसेल तर मोजणी म्हणू नये. तंबूवाल्यांनीही आपण संवर्धन करतो असे म्हणू नये. हौस आहे, म्हणावे. हौसेला आमची हरकत नाही.

कायद्याचेही एकदा पाहू. अभयारण्यात शिरण्याचा परवाना ज्या कारणांसाठी मिळतो त्यांत छायाचित्रण पहिल्यापासून होते. 2022च्या दुरुस्तीने त्यापुढे एक अट जोडली: अधिवासात बदल न करता आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर विपरीत परिणाम न करता. अट साधी दिसते. पण तंबूला बांधायला तोडलेली फांदी हा बदल आहे की नाही? चौकटीत येते म्हणून वाकवून बांधलेले झुडूप? परत फिरलेले भेकर हा विपरीत परिणाम आहे की नाही? हद्दीच्या आत हे प्रश्न निदान विचारता येतात. हद्दीबाहेर, आगरदांड्याच्या डोंगरात, ते विचारणारे कोणी नाही. म्हणून तर तंबू तिथे आहेत.

आमच्या महाविद्यालयातल्या निसर्गमंडळाचे छायाचित्र-प्रदर्शन दर वर्षी भरते. प्रत्येक चित्राखाली कॅमेऱ्याचे नाव, भिंगाची लांबी, प्रकाशछिद्राचे आकडे असतात. आम्ही असे सुचवले, की त्याखाली आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: तंबू पाण्यापासून किती अंतरावर होता, किती दिवस होता, आणि चित्रातले जनावर पाणी पिऊन गेले की न पिता. चौथी ओळ जागा दाखवणाऱ्याच्या नावाची. यावर उत्तर मिळाले, की त्याने चित्राचा आस्वाद बिघडेल, आणि साहित्यवाल्यांनी विज्ञानात लुडबुड करू नये. कॅमेऱ्याच्या आकड्यांनी आस्वाद बिघडत नाही आणि तहानेच्या नोंदीने बिघडतो, तो आस्वाद कोणत्या जातीचा आहे हे आम्ही आमच्या अल्प काव्यशास्त्राच्या आधारे शोधून पाहिले, सापडले नाही.

विद्यार्थ्याला आम्ही उत्तर पाठवले. हे आमच्याने पाहवत नाही असे स्पष्ट लिहिले, आणि मांसाचे काय केलेस असेही विचारले. त्याने सविस्तर कळवले: किती किलो निघाले, किती शेजाऱ्याला दिले, बाण कुठे लागला, हरीण किती पावले गेले, पहिल्या हंगामात समोर आलेल्या मादीवर बाण का सोडला नाही. ते पत्र वाचून आमचा विरोध कमी झाला नाही, पण आम्ही विचारले आणि त्याने सांगितले. तेच पत्र आम्ही निसर्गप्रेमी सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले आहे आणि सोबत वरचे चार प्रश्न, स्वच्छ टंकलिखित करून. एप्रिलमध्ये डोंगरातले पाणी पुन्हा तळाला जाईल. त्याआधी, फेब्रुवारीत, निसर्गमंडळाची बैठक असते. तिथे हा विषय घ्यावा असे पत्र आम्ही दिले आहे.